मचाणावर बसताना कोणता हार्नेस घ्यावा?

प्रश्न : गेली चार वर्षे मी धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतो. आजवर शिडीच्या मचाणावर कमरेला पट्टा बांधून बसत आलो आणि कधी पडलो नाही. या हंगामासाठी झाडाला आवळून बसवायचे टांगते मचाण घेतले आहे. ते साधारण २० फुटांवर लावायचा विचार आहे. मचाणासोबत पट्ट्यांचा एक साधा हार्नेस मिळाला आहे, पण दुकानात जाकिटासारखे हार्नेसही दिसतात. मिळालेला पुरेसा आहे का, की दुसरा घ्यावा? माझे वजन ११५ किलो आहे.

उत्तर : प्रथम कमरेच्या पट्ट्याविषयी. आपण पडला नाहीत, याचा अर्थ त्या पट्ट्याची परीक्षा झालेली नाही एवढाच होतो. २० फुटांवरून निसटलेला माणूस एका सेकंदाहून किंचित जास्त वेळात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग मध्येच रोखताना बसणारा हिसका कमरेचा पट्टा पोट आणि बरगड्यांवर आणतो. माणूस त्यात दुमडून लटकतो, त्याला श्वास घेणे अवघड होते, आणि पट्टा वर सरकला तर तो त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमांनी पडणाऱ्याला रोखण्यासाठी असा पट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून मनाई केली, ती याच कारणाने. मचाणासाठीही खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांना धरणारा पूर्ण शरीराचा हार्नेसच हवा.

सोबत मिळालेला हार्नेस केवळ फुकट आहे म्हणून कमकुवत समजू नये. मचाण बनवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या चाचण्यांना तो उतरला असल्याची नोंद त्याच्या लेबलावर असेल, तर ताकदीच्या दृष्टीने तो महागड्या हार्नेसच्या तोडीचा मानायला हरकत नाही. अडचण वेगळीच असते. पहाटेच्या अंधारात, थंडीने बोटे बधिर झालेली असताना, त्या पट्ट्यांचा गुंता सुटत नाही, आणि मग ‘आजच्या दिवस राहू दे’ असे म्हणून तो पिशवीतच राहतो. म्हणून माझा सल्ला असा, की घरात दिवे मालवून, हातमोजे घालून आणि हंगामातले जाड कपडे चढवून तो तीनदा घालून पाहावा. तिसऱ्या वेळीही खांद्याचा पट्टा कोणता आणि मांडीचा कोणता हे चाचपडावे लागत असेल, तर जाकिटासारखा हार्नेस घेण्यावर पैसे खर्च करणे योग्य ठरेल. तो अंगात घातला की पट्टे आपोआप जागेवर येतात. मात्र तो थोडा जड असतो आणि हंगामाच्या सुरुवातीच्या उकाड्यात त्रासदायक वाटतो. मांडीची बकले चटकन बसणारी, पण धातूवर धातू आपटून खणखण न करणारी पाहावीत. हरणाचे कान किती तिखट असतात, हे आपणांस सांगायला नको.

आपल्या बाबतीत वजनाची मर्यादा बारकाईने वाचणे आवश्यक आहे. पुष्कळ हार्नेसवर ती ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, असते, आणि त्यात कपडे, बूट, पाठीवरची पिशवी असे सगळेच धरायचे असते. आपण हे सर्व अंगावर चढवून काट्यावर उभे राहावे आणि मगच माप ठरवावे. मचाणाची वजनमर्यादा वेगळी असते, तीही पाहावी. मांडीचे पट्टे इतके आवळावेत, की आत सपाट हात जाईल पण मूठ जाणार नाही.

हार्नेसची पाठ झाडाला जोडणारा जो आखूड दोर असतो, त्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो झाडाला डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर बांधावा आणि बसल्यावर त्यात जवळजवळ ढील राहू नये. दोर कमरेच्या उंचीवर बांधला तर माणूस आधी बराच खाली जातो आणि मग हिसका बसतो. शिवाय तो मचाणाच्या इतका खाली लटकतो, की परत वर येणे कठीण होते. बसल्या जागी प्रत्यंचा ओढून दोन्ही बाजूंना वळून पाहावे. दोर हाताच्या आड येत असेल तर तो सैल न सोडता झाडावरची त्याची जागा बदलावी.

लटकून राहणेही निर्धोक नसते. मांड्यांवर पट्टे रुतलेले आणि पाय निश्चल राहिले की रक्त पायांत साचते, शुद्ध हरपते, आणि अर्ध्या तासाच्या आत जिवावरही बेतू शकते. त्यासाठी पाय टेकवून उभे राहता येईल असा सुटकेचा पट्टा हार्नेससोबत आहे ना, हे पाहावे, आणि तो लटकलेल्या अवस्थेतही हाताला लागेल अशा खिशात ठेवावा. आपण कोणत्या झाडावर आहोत आणि कधी परतणार, हे घरी सांगून जावे. फोन अंगावरच्या खिशात असावा, पिशवीत नव्हे.

आपण विचारले नाही, पण हार्नेसइतकेच महत्त्वाचे म्हणून लिहितो. मचाणावर बसून पडण्यापेक्षा चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना पडण्याचा धोका मोठा असतो, आणि नेमक्या त्या वेळी पुष्कळांचा हार्नेस अंगात असूनही कशालाच जोडलेला नसतो. यासाठी मचाणाच्या वरपासून बुंध्यापर्यंत एक जीवनदोर कायमचा बांधून ठेवावा. त्यावरची प्रुसिक गाठ हाताने सरकते आणि भार पडताच आवळते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली मांडली, आणि आज शिकाऱ्यांना तिचाच आधार आहे. मचाण बसवताना झाडाभोवती फिरवायचा कमरेचा दोर हात मोकळे ठेवण्यासाठी असतो. त्याला पडण्यापासूनचे संरक्षण समजू नये. धनुष्य आणि पिशवी मागाहून दोरीने ओढून घ्यावी.

प्रश्न : मागच्या हंगामात मचाणावरून घसरलो, हार्नेसने वाचवले. त्यावर काहीही खूण दिसत नाही. तो पुढे वापरू का?

उत्तर : नाही. हिसका शोषून घेणारी दोरातील शिवण एकदाच काम करते, आणि पट्ट्यांचे आतले धागे तुटलेले असले तरी वरून दिसत नाहीत. लेबलावरची मुदत संपली असेल तरीही हाच नियम लावावा. ती बहुधा ५ वर्षांची असते. म्हणूनच ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असा जुना हार्नेस विकत घेऊ नये. आपला हार्नेस टाकून देताना त्याचे पट्टे कात्रीने कापावेत, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून वापरणार नाही.