बाळाला स्वतःच्या हाताने खाऊ देताना घास घशात अडकेल का?

सहा महिन्यांच्या बाळाच्या हातात थेट खाणं द्यायची भीती वाटणं साहजिक आहे. आधी बघा, मान नीट सावरते का, टेकून ताठ बसतं का, वस्तू पकडून तोंडात घालतं का. हे जमत नसेल तर थोडं थांबा.

या वयात बाळ अख्ख्या मुठीने धरतं, म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब हवा, मुठीबाहेर टोक यायला हवं. चिमटीत दाबला की सहज चेपला जाईल इतका मऊ: वाफवलेलं गाजर, बटाटा, पिकलं केळं. लोहासाठी नीट शिजवलेलं अंडं किंवा डाळही द्या.

उबळ येऊन चेहरा लाल झाला, खोकला आला तर घाबरून तोंडात बोट घालू नका. बाळ घास स्वतःच पुढे ढकलत असतं. खरा धोका आवाज न होण्यात आहे: खोकला नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर. तेव्हाचे प्रथमोपचार घरातल्या सगळ्यांनी आधीच शिकून घ्यावेत, हे मी आग्रहाने सांगेन.

अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, कच्चं गाजर नकोच. मध बाळ एक वर्षाचं होईपर्यंत नाही. खाताना बाळाला एकटं सोडू नका. सुरुवातीला पोटात फारसं जाणार नाही, दूध चालूच ठेवा.