आधी बूड बघ, मग घोडेस्वार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू विकत घेऊ पाहतोयस त्या मिनाई वाडग्याचा फोटो मिळाला. त्यावर रंगवलेले घोडेस्वार फारच देखणे आहेत आणि मला धास्ती त्याचीच वाटते.

इराणात मिनाई भांडी बनली ती साधारण ११८० ते १२२० एवढ्याच काळात. झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, भाजून झाल्यावर वरून मिन्याचे रंग भरायचे आणि मंद आचेवर पुन्हा भाजायचं, असं ते काम. इतकं नाजूक भांडं आठशे वर्षांनी अखंड हाती लागणं दुर्मीळच. बाजारातल्या कित्येक ‘अखंड’ वाडग्यांत दोन-तीन भांड्यांचे तुकडे जुळवलेले असतात, फटी प्लास्टरने बुजवलेल्या असतात आणि वर ताजा रंग चढवलेला असतो. अतिनील दिव्याखाली हा नवा रंग आणि चिकटवण्याचं द्रव्य बहुतेकदा वेगळं दिसतं. विक्रेता दिवा लावू देत नसेल तर तिथूनच परत फीर. त्याने थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे भाजलेल्या मातीचं वय काढणाऱ्या चाचणीचा, अहवाल पुढे केला तरी हुरळू नकोस. भोक पाडून जिथली भुकटी घेतली, तेवढीच माती शेवटची कधी भाजली गेली, हे त्यातून कळतं. बूड बाराव्या शतकातलं आणि स्वार विसाव्या शतकातले, असंही निघू शकतं.

तू विचारलेल्या ‘चमके’बद्दल. लस्टर, म्हणजे झिलईवरची धातूसारखी चमक, ही कुंभाराची करामत. नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याचे कारागीर कथलाने पांढऱ्या केलेल्या, भाजून तयार झिलईवर चांदी-तांब्याची संयुगं रंगवत आणि धूर कोंडलेल्या भट्टीत भांडं पुन्हा तापवत. प्राणवायू निघून जाई, धातूचे सूक्ष्म कण झिलईत उरत आणि सोनेरी तेज येई. सोनं त्यात औषधालाही नाही. सीरियातल्या रक्क्याच्या भांड्यांवरची मोरपिशी झाक मात्र कुणी केलेली नाही. जमिनीतल्या ओलीने झिलई झिजली, पापुद्रे सुटले, म्हणून ती दिसते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या धनिक संग्राहकांना तिने वेड लावलं होतं. मलाही ती आवडते, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजायला मी तुला सांगणार नाही.

भांडं उपडं कर आणि जिथे झिलई नाही किंवा टवका उडालाय तिथे भिंग लाव. इराणातल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये अशा भांड्यांच्या मिश्रणाची कृतीच लिहून ठेवली आहे: दहा भाग गारेची पूड, एक भाग काच, एक भाग पांढरी माती. म्हणून तिथला मूळ तुकडा पांढरट, साखरेसारखा रवाळ दिसतो. इराणातल्याच निशापूरची भांडी त्याआधीची, साध्या मातीची. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप आणि काळी कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी वळणाची, अक्षरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या अशाच एका वाडग्यावर लिहिलंय की कामाआधी केलेली आखणी पश्चात्तापापासून वाचवते. हे वाडगं खरेदीदारांना का कुणी दाखवत नाही, कोण जाणे!

सुरुवात करायचीच असेल तर निशापूरचं तडा गेलेलं, डागडुजी न लपवलेलं भांडं बघ. भांडं इराणबाहेर कधी आणि कसं गेलं याचे कागद मात्र हवेतच. इराणचा पुरातत्त्व कायदा १९३०चा आणि पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा. ‘आजोबांच्या संग्रहातलं’ एवढ्यावर भागत नाही.

आगाऊ रक्कम देऊ नकोस. बुडाचे, सांध्यांचे आणि जुन्या पावत्यांचे फोटो पाठव. समोरून काढलेला आणखी एक नको.

काका