फ्लू पुन्हा झाला, मग आधीचा फुकट गेला का?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मला जबर फ्लू झाला होता. यंदा मला आणि पाच वर्षांच्या मुलाला एकदमच झाला. मी चौथ्या दिवशी कामाला लागले, तो मात्र आठवडाभर तापाने फणफणत होता. आधी होऊन गेल्याचा फायदा असतो, तर मला झालाच कसा? आणि नसतो, तर मी लवकर बरी कशी झाले?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात आणि फ्लूला शिव्या घालतात.

विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात ती प्रतिपिंडं. ती ओळखतात त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, आणि नेमकी तीच सतत रूप पालटतात. म्हणून तुम्हाला पुन्हा लागण झाली. टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांचं काम त्यानंतरचं. विषाणूने ताबा घेतलेली पेशी त्याच्या आतल्या प्रथिनांचे तुकडेही बाहेर मांडते. ते दिसले की मारक टी पेशी त्या पेशीलाच संपवतात. आतली प्रथिनं फारशी बदलत नाहीत, त्यामुळे आधीच्या फ्लूत तयार होऊन मागे राहिलेल्या टी पेशींना, म्हणजे स्मृतिपेशींना, नवा विषाणूही ओळखीचा निघतो. लागण टळत नाही, आजार लवकर आटोपतो. मुलाचा हा पहिलाच फ्लू असेल, तर त्याच्या टी पेशींना मूठभरापासून वाढत जायला साधारण आठवडा लागतो.

निवृत्तीपर्यंत मी प्रयोगशाळेत याच पेशी मोजत होते. चाचणी नीट चालली का, हे पडताळायला आम्ही आळीपाळीने आपलंच रक्त द्यायचो. त्यात फ्लूच्या प्रथिनांचे तुकडे घातले की जाग्या झालेल्या प्रत्येक पेशीच्या जागी एक ठिपका उमटतो. फ्लूने आडवी पडल्याचं मला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. ठिपके मात्र भरपूर!

२००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजने ३४२ निरोगी माणसांवर लक्ष ठेवलं होतं. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं नसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे अशा टी पेशी आधीपासून जास्त होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिला.

‘मग लस कशाला?’ असं विचाराल, म्हणून सांगते. ही शिदोरी आटत जाते. फुफ्फुसातच मुक्काम ठोकणाऱ्या टी पेशी तर उंदरांमध्ये काही महिन्यांतच ओसरतात. इंजेक्शनची नेहमीची लस मुख्यतः प्रतिपिंडं वाढवते, मारक टी पेशींना फारसं हलवत नाही. नाकात फवारायची, दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची लस मुलांमध्ये टी पेशीही जागवते. तुमच्या मुलाला ती चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर ते आधी सांगा.