नववी-दहावीच्या मुलांना नेमके काय वाचता आले पाहिजे?

आपण लिहिले आहे की, नववीतला आपला मुलगा मराठी घडाघडा वाचतो, तरीही अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, उताऱ्यात त्याचे गुण जातात. तेव्हा या वयाच्या मुलाकडून वाचनाची नेमकी अपेक्षा काय असते आणि घरी काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मी 22 वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवत आहे आणि दरवर्षी अशी चार-दोन मुले माझ्या वर्गात असतातच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घडाघडा वाचणे ही प्राथमिक शाळेची अपेक्षा आहे. ती सर्वांची पूर्ण झालेली असते असेही नाही. 2023 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातील 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सहज वाचता आला नव्हता. आपल्या मुलाची अडचण ती नाही. त्याचे प्रकटवाचन, म्हणजे मोठ्याने वाचणे, चांगले आहे आणि त्यामुळेच त्याला वाचता येते असा सर्वांचा समज झाला आहे. माध्यमिक शाळेत अपेक्षित असते ते मूकवाचन, म्हणजे मनात वाचणे, आणि त्यातही वाक्यांचा एकमेकांशी असलेला संबंध धरून ठेवणे.

एक उदाहरण देतो. वर्गासाठी मी स्वतः लिहिलेला हा उतारा आहे: ‘गावात विहिरी पुष्कळ होत्या, पण चैत्र लागला की पिण्यासाठी दोनच उरत. बाकीच्या विहिरींना पाणी नसे असे नाही. मात्र ते इतके मचूळ होई की गुरेसुद्धा त्याला तोंड लावत नसत. वरच्या आळीतल्या विहिरीचे पाणी कधीच आटत नाही, असे जुनी माणसे सांगत. त्या वर्षी तीही आटली.’

बाकीच्या विहिरी निरुपयोगी का होत, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुले ‘त्यांना पाणी नसे’ असे उत्तर देतात. त्यांच्या डोळ्यांनी ‘पाणी नसे’ हे दोन शब्द टिपलेले असतात, पण पुढच्या ‘असे नाही’ने अर्थ उलटा फिरवला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. ‘वरच्या आळीतल्या विहिरीचे पाणी कधीच आटत नाही’ हे विधान बरोबर की चूक, असे विचारले तर मुले बिनदिक्कत ‘बरोबर’ लिहितात, कारण ते वाक्य उताऱ्यात जसेच्या तसे सापडते. ते लेखकाचे नसून जुन्या माणसांचे म्हणणे आहे आणि शेवटच्या वाक्यातल्या ‘तीही’ या एका शब्दाने ते खोटे ठरले आहे, हे ज्याला दिसते त्याला माझ्या मते नववीच्या पातळीचे वाचन येते.

मुले अशी का वाचतात, याचे कारण आम्हा शिक्षकांनी मान्य केले पाहिजे. चौकटी पूर्ण करा, आकृती पूर्ण करा, या कृती आकलनासाठी आहेत. पण प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द चौकटीत लिहायचा, ही युक्ती मुलांना लवकर साधते. दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठी विषयाची, लेखी कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) 80 गुणांची असते. त्यात गद्य विभागाला 18 गुण असतात. पैकी 14 गुणांचे दोन उतारे पाठ्यपुस्तकातले, म्हणजे वर्षभर घोटलेले असतात, आणि अपठित उतारा अवघ्या 4 गुणांचा असतो. वाचन कच्चे असूनही उत्तम गुण मिळवणारी मुले म्हणूनच मी पाहिली आहेत, आणि आपण या 4 गुणांकडे वेळीच लक्ष दिले याचे मला मनापासून समाधान वाटते.

गुणांच्या पलीकडची एक गोष्ट मला विसरता येत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. परिपाठात बातम्या वाचायला आम्ही नेहमी तिलाच उभे करत असू, इतका तिचा आवाज स्वच्छ होता. एकदा शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लागली: उत्पन्नाचा दाखला नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही, मात्र गतवर्षी लाभ घेतलेल्यांनी तो पुन्हा जोडण्याची आवश्यकता नाही. तिने आदल्या वर्षी लाभ घेतलेला होता. तरीही तिच्या वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसीलला हेलपाटे घातले. ‘मात्र’पर्यंत ती पोचलीच नव्हती, आणि तिला ते वाचता आले नसेल अशी शंका मलाही आली नाही. त्या वर्षापासून ‘मात्र’, ‘तरी’, ‘उलट’, ‘अन्यथा’, ‘वगळता’, ‘म्हणे’ हे शब्द मी फळ्यावर लिहून शिकवतो. ‘म्हणे’ तर फार महत्त्वाचा: ‘तो म्हणे परीक्षेला बसला नाही’ या वाक्यात लिहिणारा त्या बातमीची जबाबदारी घेत नाही, हे मुलांना आपणहून कळत नाही.

ही अपेक्षा मराठीच्या तासापुरती नाही. ‘भाव 40 रुपयांनी वाढला’ आणि ‘भाव 40 रुपयांपर्यंत वाढला’ यांतला फरक न कळल्याने गणित चुकते आणि आपण मुलाला गणितात कच्चा ठरवतो. दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते. तिथे नकाशा, आलेख आणि तक्ता हेच वाचायचे असते, आणि आलेखाच्या अक्षावर हजार आहे की लाख हे आधी पाहण्याची सवय लावावी लागते. इतिहासात कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, हे विचारत वाचावे लागते. कवितेला अन्वय लावावा लागतो. अभंगाच्या ओळीतला कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, हे ठरवून ती साध्या गद्यात मांडता आली की रसग्रहण निम्मे झाले. दुर्दैवाने पुष्कळ वर्गांत हा अन्वय आता कोणी करून घेत नाही.

घरी काय करावे? गाईड काही महिने बाजूला ठेवा, कारण त्यातली तयार उत्तरे मुलाला उतारा वाचण्याची गरजच उरू देत नाहीत. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे. वर्तमानपत्रातली पाव पानाची एखादी बातमी त्याला मनात वाचू द्या, मग कागद उलटा ठेवून, काय झाले आणि कोण काय म्हणाले हे वेगवेगळे सांगायला लावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ लगेच सांगू नका; मागचे-पुढचे वाक्य पाहून आधी त्याला अंदाज करू द्या, नंतर दोघांनी मिळून शब्दकोश पाहा. महिन्यातून एकदा विजेचे बिल त्याच्या हाती द्या: स्थिर आकार किती, वापर किती युनिट, देय दिनांक उलटल्यास किती भरावे लागतील. ‘असर’च्या त्याच पाहणीत ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. औषधाचे वेष्टन, खताची पिशवी, बसस्थानकावरचे वेळापत्रक, हे सगळे तितकेच चांगले धडे आहेत.

आठवड्यातून एकदा सारांश मात्र लिहून घ्याच. कृतिपत्रिकेत 6 गुणांसाठी पत्र किंवा त्याच अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश, असा पर्याय असतो. साचा ठरलेला असल्यामुळे माझ्या वर्गातली बहुतेक मुले पत्र निवडतात. परीक्षेत त्यानेही पत्र लिहिले तरी हरकत नाही. सरावाला सारांशासारखे दुसरे काही नाही, कारण कोणते वाक्य सोडले तर चालेल हे ठरवण्यासाठी प्रत्येक वाक्य समजावेच लागते. पहिले पाच-सहा सारांश वाईट होतील, मूळ वाक्येच उतरवलेली असतील. तेव्हा लाल शाईने खुणा करू नका. उतारा झाकून ठेवा आणि त्याला इतकेच विचारा, ‘आजीला हे सांगायचे असते, तर काय सांगितले असतेस?’ तो जे बोलेल तेच त्याला लिहायला सांगा.