सर्दी 'पिकते' तेव्हा शरीर नेमकं काय करत असतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चार दिवस झाले सर्दी आहे. पहिले दोन दिवस नाक नळासारखं वाहिलं, आता रात्री चोंदतं आणि सकाळी शेंबूड पिवळा-हिरवा निघतो. मागच्याच महिन्यात एक सर्दी होऊन गेली होती. तर शरीर आतमध्ये करतंय तरी काय, प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का, आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेऊन टाकू का?

गोळ्यांचं आधी सांगतो. नका घेऊ. का ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी, पू यांच्या बाटल्या आणि स्लाइड यांतच माझा दिवस जातो. त्यामुळे शेंबडाबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही. तुम्ही जेवायला बसला असाल तर हे नंतर वाचा.

साध्या सर्दीतल्या निम्म्याच्या आसपास सर्दींना ऱ्हायनोव्हायरस नावाचा विषाणू कारणीभूत असतो. ऱ्हायनो म्हणजे नाक. याला ३३ अंश सेल्सिअस तापमान मानवतं, आणि शरीर ३७ अंशांवर असलं तरी बाहेरची हवा सतत आत येत असल्यामुळे नाक तेवढं थंड असतं. म्हणून त्याचा मुक्काम बहुतेक वेळा नाकात आणि घशाच्या वरच्या भागात. शिंकेतून किंवा कुणाच्या तरी हातावरून तो तुमच्या बोटांवर येतो, तुम्ही नकळत नाक-डोळे चोळता आणि झालं. नाकाच्या अस्तरातल्या काही पेशींना चिकटून तो आत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढायला लागतो. लागण झाल्यावर दहा-बारा तासांपासून दोन-तीन दिवसांत घसा खवखवायला लागतो.

आता खरी गंमत. एवढं सगळं होऊनही ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. फ्लूचा विषाणू करतो, हा करत नाही. मग शिंका, पाणी, चोंदणं, घसा, कणकण हे सगळं कोण करतं? तुम्हीच करता. सर्दी हा बहुतांशी घरचा आहेर आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं एक रसायन सूज येते तिथे तयार होतं. विषाणूशिवाय नुसतं हे रसायन निरोगी माणसांच्या नाकात टाकून पाहिलंय. त्यांची नाकं चोंदली, वाहिली, घसेही दुखले. उलट बाजूनेही पुरावा आहे. ऱ्हायनोव्हायरसची लागण झालेल्या साधारण चौघांतल्या एकाला काहीच होत नाही. नाकात विषाणू वाढतो, पुढे रक्तात त्याला ओळखणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीही सापडतात, पण गडी एकदाही शिंकत नाही. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा, सर्दी पळवा' असं लिहिलेल्या बाटल्या दिसल्या की मला हसू येतं. तुमचं नाक वाहतंय ते प्रतिकारशक्ती कामाला लागल्यामुळेच.

कणकणीचीही तीच गोष्ट. विषाणू शिरलेली पेशी मरता मरता शेजारच्या पेशींना सावध करते. ज्या प्रथिनांतून ती हा निरोप देते त्यांना इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधलं. निरोप मिळाला की शेजारच्या पेशी आपला कारभार असा आवरता घेतात, की विषाणू आत आला तरी त्याला प्रती काढायला यंत्रणाच सापडू नये. गावात चोर आल्याची हाळी पडल्यावर सगळ्यांनी दारं लावून घ्यावीत तसं. पण या हाळीनं अंगही मोडून येतं. पूर्वी हेपॅटायटिस सीच्या पेशंटना इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. ते लोक आमच्याकडे रक्त द्यायला यायचे तेव्हा शाल पांघरून बसलेले असायचे. सर्दी नाही, फ्लू नाही, तरी अंग दुखतंय आणि ताप येतोय. फक्त इंजेक्शनमुळे.

रात्री नाक का चोंदतं, ते सांगतो. बहुतेकांना वाटतं की आत शेंबूड भरलाय, म्हणून लोक जीव खाऊन शिंकरतात. शिंकरून काही निघत नाही, कारण वाट अडवणारा शेंबूड कमी आणि सूज जास्त असते. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल पडदे असतात आणि त्यात स्पंजासारखं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ते रक्तानं फुगलं की वाट बंद. आडवं झाल्यावर डोक्याकडचं रक्त उतरायला वेळ लागतो, म्हणून रात्री जास्त फुगतं. कुशीवर झोपलात तर खालची नाकपुडी बंद होते, कूस बदलली की थोड्या वेळात ती उघडते आणि दुसरी मिटते. जोर लावून शिंकरल्यानं सूज तर जात नाहीच, वर नाकातला माल सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, ढकलला जातो. एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच शिंकरावी, एवढंच.

आणि हे सर्दीतच होतं असं नाही. एरवीही बहुतेकांच्या दोन नाकपुड्या आळीपाळीनं ड्यूटी करतात. काही तास एक मोकळी, दुसरी अर्धवट मिटलेली, मग उलट. सर्दी उतरली की एक स्टीलचं ताट नाकाखाली आडवं धरा आणि त्यावर नाकानं उच्छ्वास सोडा. धुक्याचे दोन डाग उमटतील, एक मोठा, एक लहान. दोन-चार तासांनी पुन्हा बघा. मी हे डब्याच्या झाकणावर मुलांना दाखवलं तेव्हा पुढचा आठवडाभर आमच्या घरातलं एकही झाकण कोरडं नव्हतं. सर्दीत मिटलेली बाजू एकदम गच्च होते, म्हणून आपल्याला हा प्रकार तेव्हाच कळतो.

नाक मोकळं करणारे स्प्रे या रक्तवाहिन्याच आवळतात, म्हणून दोन मिनिटांत जादू होते. पण तीन ते पाच दिवसांच्या वर मारत राहिलात तर औषध उतरताच त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा स्प्रे. मी स्वतः या चक्रात तीन आठवडे अडकलो होतो. सर्दी कधीच गेली होती, नाक चोंदत होतं ते स्प्रेमुळे. सोडल्यावर चार-पाच रात्री तोंडानं श्वास घेत काढल्या, तेव्हा सुटलं.

आता तुमचा हिरवा शेंबूड. आपल्याकडे 'सर्दी पिकली' असा शब्द आहे. माझी आई चौथ्या दिवशी रुमाल बघून समाधानानं म्हणायची, "पिकली बाई एकदाची, आता जाईल." मेडिकलवाला तोच रंग बघून म्हणतो, "इन्फेक्शन वाढलंय, तीन दिवसांचा कोर्स करा." या दोघांत आई बरोबर होती.

पहिल्या दोन दिवसांत जे वाहतं ते जवळजवळ पाणीच असतं. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं आणि ग्रंथींनी सोडलेलं. धुऊन काढायचं काम. त्यानंतर पांढऱ्या पेशी जमायला लागतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या माझ्या रोजच्या ओळखीच्या. रक्ताच्या स्लाइडवर रंग चढवला की केंद्रक जांभळं दिसतं, तीन-चार गाठी बारीक धाग्यानं जोडाव्यात तसं. या पेशींच्या पोटात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं आणि त्याचा मूळ रंगच हिरवा आहे. ते शोधलं गेलं तेव्हा त्याला नाव दिलं होतं तेही हिरव्या रंगावरूनच. त्याचं काम हायपोक्लोरस आम्ल तयार करणं, म्हणजे फरशी पुसायला आणतो त्या ब्लीचमध्ये जंतू मारणारा जो पदार्थ असतो तोच. लाखो न्यूट्रोफिल नाकात येऊन मरून पडल्या की शेंबूड आधी पिवळा आणि मग हिरवट होतो. पूसुद्धा हिरवट दिसतो तो याचमुळे. रात्रभर साचून सुकल्यानं सकाळचा सर्वांत गडद असतो.

मुद्दा असा की न्यूट्रोफिल जिवाणू बघून येतात तशाच विषाणूच्या सर्दीतही येतात. रंग त्यांचा आहे, जंतूचा नाही. त्यामुळे नुसता रंग बघून हे जिवाणूंचं दुखणं आहे असं ठरवता येत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला ढिम्म फरक पडत नाही. वर तुमच्या आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू फुकट मरतात आणि पोट बिघडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यात तीनच गोळ्या, त्याही दुसऱ्याच आजाराच्या उरलेल्या. असल्या अर्धवट डोसांमुळे जिवाणूंना सराव होतो आणि पुढे खरंच गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. आमच्याकडे कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधं लावून बघतात त्या तपासणीच्या, रिपोर्टवर एकेका औषधापुढे 'रेझिस्टंट' लिहिताना हे रोज दिसतं.

या सगळ्याखाली आणखी एक काम चोवीस तास चालू असतं. नाकाच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणारे. ते चिकट थर घशाकडे ढकलत नेतात, तुम्ही तो नकळत गिळता, आणि ऱ्हायनोव्हायरस जठरातल्या आम्लात टिकत नाही. म्हणजे शेंबूड गिळला तर पोटात सर्दी होईल ही भीती नको. थर घट्ट झाला की हे केस थकतात. गरम पेय, मिठाच्या पाण्याचे थेंब यांनी तो सैल होतो. आल्याचा, गवती चहाचा फायदा मला यातच दिसतो, विषाणू त्यानं मरत नाही. वाफेनं तात्पुरतं बरं वाटतं, पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका, भाजल्याच्या केसेस होतात. मध खोकल्याला चालतो, एक वर्षाखालच्या बाळाला मात्र अजिबात नाही. आणि सर्दी-खोकल्याची क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलंय. घरात मोठ्यांची बाटली असते आणि लहानाला त्यातलंच अर्धं झाकण दिलं जातं, म्हणून लिहितोय.

पावसात भिजल्यानं सर्दी होते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली कुणीतरी विचारणारच. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीजवळ १९४६ पासून १९९० पर्यंत सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. स्वयंसेवक तिथे दहा दिवस फुकट राहायचे, आणि बदल्यात नाकात विषाणूचे थेंब टाकून घ्यायचे. काहींना तर आंघोळ करून ओल्या अंगानं वाऱ्यात उभं केलं, मग ओले मोजे घालून बसवलं. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. पुढे २००५ मध्ये कार्डिफला ९० जणांचे पाय २० मिनिटं गार पाण्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या १३ जणांनी सर्दीची तक्रार केली, पाय न भिजवलेल्या दुसऱ्या ९० जणांत हेच ५. म्हणजे विषाणू हवाच, पण तो आधीपासून नाकात दबा धरून असेल तर गारठ्यानं त्याचं फावत असावं. आईच्या 'डोकं पूस आधी' ला मी तरी अजून उत्तर दिलेलं नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दम लागत असेल, ताप तीन-चार दिवसांत उतरत नसेल, दहा दिवसांनंतरही काही फरक नसेल, कान ठणकत असेल, आणि मुख्य म्हणजे बरं वाटायला लागून पुन्हा एकदम बिघडलं तर. हे शेवटचं लक्षण रंगापेक्षा जास्त बोलकं असतं. दमेकरी, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांच्या बाबतीत तर थांबूच नये.

राहिला महिन्याभरात दुसऱ्यांदा होण्याचा प्रश्न. एक-दोन आठवड्यांत शरीर त्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्या बऱ्याच काळ टिकतात. पण त्या मुख्यतः त्याच प्रकाराला ओळखतात, आणि एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १५० हून अधिक प्रकार आहेत. शिवाय सर्दी देणारी बाकीची मंडळी वेगळी. मागच्या महिन्यातला पाहुणा वेगळा, आत्ताचा वेगळा. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीन सर्द्या होणं नेहमीचं आहे, लहान मुलांना सहा-आठ. तुमच्या घरात बालवाडीत जाणारं कुणी आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर तुम्हाला महिन्यातून एकदा होतेय यात मला तरी काही नवल वाटत नाही. आमचा धाकटा बालवाडीत होता ती दोन वर्षं घरात एका वेळी कोरडं नाक एकाचंच असायचं, आणि तेही मांजराचं.