लाकडाचा धूर कोणाच्या खात्यात?

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहणारा माझा पुतण्या सांगतो, की तिथल्या ड्रॅक्स वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकूड धरले आणि ती वीज स्वच्छ मानली जाते. हे कसे? मग आपल्या खंडव्याकडच्या सिंगाजी केंद्रात नरवाई, म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरणारे काड, का जाळू नये?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : पुतण्याची माहिती खरी आहे, आपली शंका त्याहून खरी. ड्रॅक्सच्या 660 मेगावॉटच्या सहा संचांपैकी चार 2013 ते 2018 या काळात लाकडावर आणले गेले. उरलेले दोन 2023 मध्ये कायमचे बंद झाले. भट्टीत ओंडके जात नाहीत, तर भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याहून बारीक कांड्या दळून जातात. अशी कांडी पेलाभर पाण्यात टाकली, तर थोड्याच वेळात फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. त्यामुळे कोळशासारखा उघड्यावर ढीग चालत नाही; बंदिस्त वाघिणी आणि अवाढव्य घुमट बांधावे लागले. माल येतो तो मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातून, समुद्रमार्गे.

चिमणीतून मात्र दर युनिटमागे कोळशाइतकाच, किंबहुना किंचित अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ‘स्वच्छ’ हा शब्द येतो हिशेबातून : आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे हा वायू झाड जिथे तुटले त्या देशाच्या जमीन-वनांच्या खात्यात मांडतात, जाळणाऱ्याच्या खात्यात शून्य. तितकीच झाडे पुन्हा वाढली तर कर्ज फिटते खरे, पण क्षणात जळालेले लाकूड उभे राहायला काही दशके लागतात. माझ्या मते हा उधारीचा व्यवहार आहे.

नरवाईचे तसे नाही. ती दर हंगामात उगवते आणि नाही तरी शेतातच पेटवली जाते. अडचण निराळी आहे : गव्हाच्या काडात पोटॅशियम आणि क्लोरीन बरेच असते, त्यामुळे राख मऊ होऊन बॉयलरच्या नळ्यांना चिकटते आणि नळ्या गंजतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणाने कोळशात अशा कांड्या 5 टक्क्यांपासून मिसळायला सांगितले, आणि ते मला शहाणपणाचे वाटते. तरी सिंगाजीची क्षमता 2,520 मेगावॉट आहे. ते पूर्ण भाराने चालले, तर एवढ्या अंशासाठीही रोज दीड-दोन हजार टन काड लागेल, आणि ते उन्हाळी मुगाच्या पेरणीची घाई असलेल्या शेतकऱ्याच्या रानातून गोळा करून पावसाळ्याआधी छपराखाली न्यावे लागेल.