१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? नसेल तर तिचे अवयव कसे काढायचे?

नाही, मूळ संख्या नाहीये, चक्क पूर्ण वर्ग आहे. वर्गमूळ १११११११११, म्हणजे नऊ एक्के. कागदावर उभा गुणाकार मांडून बघा, एक्क्यांच्या ओळी एकेक घर सरकत जातात आणि बेरजेत मधल्या रकान्यात जास्तीत जास्त ९ येतात, हातचा कुठेच येत नाही म्हणून तो डोंगर इतका छान दिसतो. दहा एक्के घेतलेत की हातचा आला आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, डोंगर ढासळला. त्यामुळे दिसण्याचं मला फार कौतुक नाही, ती सगळी दशमान पद्धतीची कृपा.

आता अवयव. नऊ एक्क्यांना १११ ने भाग जातोच (तीन-तीनचे गट पाडा), भागाकार १००१००१. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे तुमची संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२, आणि एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

३३३६६७ मूळ आहे हे कसं कळलं असं विचाराल, तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायची गरज नाही, हिचा कुठलाही मूळ अवयव १८ ने भागल्यावर बाकी १ देणारा असावाच लागतो, तशा १९, ३७, ७३ करत ५७७ पर्यंत फक्त १७ आहेत, कुणानेच भाग जात नाही, संपलं. आणि खरी मजा तर इथे आहे बघा, १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... दर नऊ अंकांनी आवर्तन. बरोब्बर नऊ अंकी आवर्तन असलेली दुसरी मूळ संख्याच नाही, ही एकटीच!

अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने निःशेष भागही जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही वर्गच, १२३४५६७९ चा. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नाव आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी दिलेलं, आणि एक्क्यांच्या वर्गांवरही त्यांनी काम केलंय, त्यांना ते डेम्लो संख्या म्हणायचे, मुंबईजवळच्या तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनवरून. शाळेत शिकवता शिकवता केलं हे सगळं, मानलं पाहिजे.

अजून एक, पडताळा एक्सेलमध्ये करू नका. तिथे १५ च अंक टिकतात, शेवटचं २१ जाऊन ०० होतं, मग ९ ने सुद्धा भाग जाईना म्हणून डोकं धरून बसाल.